हातसँडरची निगा व दोषशोधन

लाकूड गुळगुळीत करण्याचे काम सुताराच्या मनगटाकडून हातयंत्राकडे येऊन फार काळ झालेला नाही. हातात धरून चालविता येईल असा पट्ट्याचा विद्युत् सँडर अमेरिकेतील पोर्टर-केबल ह्या कंपनीत १९२६ साली तयार झाला. त्यानंतर आलेले गादीचे सँडर आकाराने लहान व किमतीने स्वस्त असल्यामुळे कारखान्यातून निघून घरात शिरले. आज एखाद्या गृहस्थाच्या हत्यारांच्या पेटीत ड्रिलच्या शेजारी सँडर दिसला, तर त्यात नवल वाटत नाही.

जबलपूरसारख्या शहरात तर यंत्र उघडून पाहण्याची भीती लोकांना मुळातच कमी. येथे १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, १९६९ साली वाहनांचा कारखाना सुरू झाला, आणि अशा कारखान्यांत आयुष्य घालविलेली माणसे शहराच्या अनेक वस्त्यांत राहतात. स्क्रू सोडविणे, बेअरिंग ओळखणे, मोटारीचा आवाज ऐकून तिची तब्येत सांगणे ह्या गोष्टी त्यांना परक्या नाहीत. तरीही घरचा सँडर अकाली बंद पडतो. ह्याचे कारण असे की, हे यंत्र लेथप्रमाणे किंवा ड्रिलप्रमाणे वागत नाही. ड्रिलचा भुसा जाडसर असतो व तो खाली पडतो. सँडर मात्र पिठासारखी बारीक धूळ सतत निर्माण करतो, आणि मोटार थंड ठेवण्यासाठी जी हवा तो आत ओढतो ती ह्याच धुळीने भरलेली असते. स्वतःचा शत्रू स्वतःच तयार करून श्वासाबरोबर आत घेणारे असे दुसरे घरगुती हत्यार क्वचितच सापडेल. पुढे वर्णिलेल्या दोषांपैकी बहुतेकांचे मूळ ह्या धुळीत किंवा चालविणाऱ्याच्या हाताच्या भारात आहे.

रचना

घरगुती सँडर मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्यात चौकोनी गादीवर कागदाच्या ताव्याचा चौथा भाग चिमट्यांनी ताणून बसवितात. दुसऱ्यात सुमारे १२५ मिलिमीटर व्यासाच्या गोल गादीवर आकड्यांच्या पट्टीने (व्यवहारात तिला वेल्क्रो म्हणतात) कागदाची चकती चिकटते. दोहोंतही मोटारीच्या टोकाशी एक विकेंद्री दांडा असतो, म्हणजे त्याचा मध्य मोटारीच्या आसाच्या मध्यापासून किंचित बाजूला सरकविलेला असतो. त्यामुळे गादी स्वतःभोवती न फिरता लहानशा वर्तुळात डोलते. गोल गादीच्या यंत्रात ह्या डोलण्याबरोबर गादी सावकाश फिरतेही. म्हणून तिचे ओरखडे एकाच जागी पुन्हा पुन्हा पडत नाहीत आणि पृष्ठभाग अधिक स्वच्छ निघतो.

हे डोलणे दिसायला क्षुल्लक असते. वर्तुळाचा व्यास २.४ मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही कमी. परंतु वेग मिनिटाला १२,००० फेऱ्यांचा, म्हणजेच सेकंदाला २०० फेऱ्यांचा असतो. ह्या वेगाने डोलणारी १०० ग्रॅम वजनाची गादी विकेंद्री दांड्यास सुमारे १९० न्यूटन प्रेरणेने बाहेर ओढते. साध्या भाषेत सांगावयाचे तर शंभर ग्रॅमची गादी त्या क्षणी एकोणीस किलोग्रॅमचे ओझे टांगल्यासारखी वागते, आणि ही ओढ प्रत्येक सेकंदात दोनशे वेळा दिशा बदलते. एवढा धक्का हाताला जाणवू नये म्हणून निर्माता दांड्याच्या विरुद्ध बाजूस प्रतिभार बसवितो. बहुतेक यंत्रांत तो पंख्याच्याच अंगात घडविलेला असतो.

हा हिशेब ध्यानी घेतला म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. प्रतिभार हा ठराविक वजनाच्या गादीसाठी तोललेला असतो. गादीला केवळ पाच ग्रॅम वजन अधिक लागले, तरी सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतकी ओढ तोलाबाहेर जाते. मूळ गादी झिजल्यावर प्लायवुड कापून घरीच गादी बनविण्याची युक्ती काही हौशी मंडळी करतात. ती काटकसर बेअरिंगच्या मुळावर येते. पंख्याच्या एका पात्यावर ओल्या धुळीचा थर बसला तरी तोच परिणाम होतो. काल शांत चालणारे यंत्र आज हाताला झिणझिण्या आणू लागले, तर बेअरिंगला दोष देण्यापूर्वी पंखा व गादी पाहावी.

पावसाळ्यातील दार

जबलपूरचे हवामान ह्या यंत्राची परीक्षा पाहणारे आहे. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो व हवा कोरडी ठणठणीत असते. जूनच्या उत्तरार्धात पाऊस येतो, आणि महिनाभरात घरातील दारे चौकटीत अडकू लागतात. हा दाराचा दोष नसून लाकडाचा स्वभाव आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांवरून नव्वदवर गेली, तर सागवानाची फळी चिरणीच्या प्रकारानुसार रुंदीत सुमारे पाऊण ते सव्वा टक्का फुगते. सागवान हे ह्या बाबतीत सर्वांत गुणी लाकडांपैकी एक असूनही ही स्थिती आहे. जुन्या पद्धतीच्या, फळ्या जोडून केलेल्या ७५ सेंटिमीटर रुंद दारात ही वाढ पाच ते नऊ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. चौकट व पॅनेल ह्या पद्धतीच्या दारात मधली पॅनेले खाचेत सैल असल्याने त्यांची वाढ आतल्या आत जिरते. दाराची रुंदी केवळ दोन उभ्या पट्ट्यांच्या फुगण्याइतकीच, म्हणजे दोन-अडीच मिलिमीटर वाढते. ते अंतर अल्प दिसते, पण दार अडकण्यास पुरेसे असते.

अशा वेळी गृहस्थ सँडर काढतो, दाराच्या कडेवर टेकवितो आणि लाकूड लवकर निघावे म्हणून वरून जोर देतो. घरगुती सँडरचा नाश ज्या रीतीने होतो, तिचे हे अगदी ठळक उदाहरण होय. सँडर हे लाकूड कमी करण्याचे हत्यार नाही. ते काम रंध्याचे. जोर दिला की गादीचे डोलणे दबते, मोटारीचा वेग उतरतो, वेग उतरल्यामुळे पंख्याची हवा घटते, आणि नेमक्या त्याच वेळी मोटार अधिक प्रवाह घेत असल्याने तिची उष्णता वाढते. त्यात दार दमट असल्यामुळे धूळ ओलसर निघते व कागदाच्या कणांत रुतून बसते. कागद कापीनासा होतो, म्हणून जोर आणखी वाढतो. हे चक्र दहा-पंधरा मिनिटे चालले तर गोल गादीवरील प्लॅस्टिकचे आकडे वितळून आडवे होतात, आणि नंतर कितीही चांगली चकती लावली तरी ती चिकटत नाही.

दाराच्या दृष्टीनेही हा उपाय चुकीचा आहे. जुलैत घासून काढलेले लाकूड मे महिन्यात परत येत नाही. तेथे फट उरते. शक्य असल्यास ऑक्टोबरची वाट पाहावी. अगदी निभावत नसेल तर जेथे दार खरोखर घासते तेथे खडूने खूण करून रंध्याने एखादी सालपट काढावी आणि उघडी पडलेली कड रंगाने अथवा वॉर्निशने लगेच बंद करावी. दाराची वरची व खालची कड रंगाविना राहून गेलेली असते, कारण ती कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ओलावा सर्वाधिक शिरतो तो तेथूनच.

सँडर योग्य भाराने चालला आहे की नाही हे ओळखण्याची सोपी रीत अशी. गोल गादीच्या कडेवर पेन्सिलीने किंवा खडूने एक उभी रेघ ओढावी. यंत्र लाकडावर टेकवून चालविले असता ती रेघ सावकाश फिरताना दिसली पाहिजे. रेघ एकाच जागी थरथरत राहिली तर हात जड झाला आहे. साधारण दीड किलोग्रॅमच्या यंत्राला त्याचे स्वतःचे वजन व हाताचा विसावा एवढाच भार पुरतो.

धूळ व साफसफाई

प्रत्येक कामानंतर करावयाची साफसफाई पाच मिनिटांची आहे. प्रथम प्लग काढावा. धूळपिशवी किंवा डबी अर्धी भरली की रिकामी करावी. ती पूर्ण भरेपर्यंत थांबले तर धूळ ओढण्याची शक्ती आधीच नाहीशी झालेली असते. गादीतील छिद्रे व कागदातील छिद्रे एकमेकांसमोर आली आहेत की नाहीत हे दर वेळी पाहावे. ही छिद्रे जुळली नाहीत तर धूळ पिशवीत न जाता कागदाखाली फिरत राहते. एवढ्या साध्या गोष्टीकडे होणाऱ्या दुर्लक्षाने जितके कागद वाया जातात, तितके दुसऱ्या कशानेही जात नसतील.

मोटारीच्या हवेच्या खिडक्या मऊ ब्रशाने झाडाव्यात व शक्य असल्यास व्हॅक्यूम क्लीनरने आतील धूळ ओढून घ्यावी. तोंडाने फुंकर मारू नये. फुंकरीबरोबर ओलावा जातो आणि धूळ डोळ्यांत येते. सायकलच्या किंवा मोटारच्या दुकानातील दाबाच्या हवेचा झोत वापरावयाचा असल्यास तो दुरून, कमी दाबाने व धूळ बाहेर निघेल अशा दिशेने सोडावा. जवळून सोडलेला जोरदार झोत धुळीला बेअरिंगच्या आत ढकलतो. कागदात रुतलेली धूळ काढण्यास क्रेप रबराचा तुकडा उत्तम. त्यासाठी मुद्दाम बनविलेल्या कांड्या मिळतात. परंतु जुन्या बुटाचा क्रेप तळवा चालत्या कागदावर हलकेच टेकविला तरी तेच काम होते. कागदाचे आयुष्य त्याने चांगलेच वाढते.

दिवाळीच्या आधी घरे रंगविण्याच्या दिवसांत सँडरला दुसरे एक काम लागते, ते भिंतीवरील पुट्टी घासण्याचे. लाकडाच्या धुळीपेक्षा पुट्टीची भुकटी कितीतरी बारीक असते. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी असेल तर दमट हवेत तिचा पिशवीत व पंख्यावर थापा बनतो. ह्या कामासाठी लाकडाची पिशवी पुरत नाही. नळीने व्हॅक्यूम क्लीनर जोडावा, आणि तो नसेल तर पुट्टी हातानेच घासावी. भेडाघाट येथील दुकानांत घडविलेल्या संगमरवराच्या व सोपस्टोनच्या वस्तू पाहून आपणही एखादा दगड घरी घासावा अशी हौस कोणास झाली, तर घरगुती सँडर त्या कामास लावू नये. दगडाचा चुरा बेअरिंग खातो. शिवाय दगड पाण्याखाली घासण्याची पद्धत आहे, आणि साधा विजेचा सँडर व पाणी ह्यांची गाठ कदापि पडता कामा नये.

दोष कसा शोधावा

यंत्र मुळीच सुरू होत नसेल तर शोध भिंतीपासून यंत्राकडे करीत यावे. त्याच सॉकेटमध्ये दिवा किंवा पंखा लावून पाहावा. नंतर प्लगच्या पिना पाहाव्यात. वापरताना प्लग हाताला गरम लागत असेल, तर त्याचा अर्थ पिन सॉकेटमध्ये सैल आहे, आणि यंत्र मधूनमधून बंद पडण्याचे कारण बहुधा तेच असते. लोक मात्र लांब वायरीला दोष देतात. हिशेब केला तर हा दोषारोप टिकत नाही. ३०० वॉटचा सँडर २३० व्होल्टवर सुमारे १.३ अँपिअर प्रवाह घेतो. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वीस मीटर लांब जोडवायरीचा जाण्यायेण्याचा रोध सुमारे एक ओहम असतो; म्हणजे दाबातील घट दीड व्होल्टही भरत नाही. लांबीपेक्षा जोडवायरीतील ढिले सांधे अधिक घातक. एवढे मात्र खरे की, वायर गुंडाळीवर ठेवूनच जड यंत्र चालविले तर गुंडाळी तापते. ती नेहमी पूर्ण उलगडावी.

यानंतर वायर यंत्रात जेथे शिरते ती जागा तपासावी. तेथील रबरी नळीजवळ वायर दिवसभर वाकत असते व आतील तांब्याचे धागे एकेक करून तुटतात. बाहेरचे आवरण मात्र शाबूत दिसते. वायर त्या जागी हलविल्यावर यंत्र क्षणभर चालू होऊन बंद पडत असेल, तर दोष सापडला असे समजावे. प्लग काढून मल्टिमीटरने दोन्ही तारांचे सातत्य तपासता येते. तुटलेला भाग कापून उरलेली वायर पुन्हा जोडावी, किंवा संपूर्ण वायर बदलावी. मध्येच गाठ मारून तीवर चिकटपट्टी गुंडाळणे हा उपाय नव्हे. स्विचमध्ये धूळ साचून संपर्क न होणे हा त्यापुढचा नेहमीचा दोष. स्विच स्वस्त असतो. तो खरवडीत बसण्यापेक्षा त्याच मापाचा नवा घालावा.

वायर व स्विच ठीक असतील तर कार्बन पाहावेत. मोटारीच्या कम्युटेटरवर टेकणारे हे दोन लहान ठोकळे स्प्रिंगच्या दाबाखाली झिजत जातात. काही यंत्रांत त्यांची टोपणे बाहेरूनच दिसतात, काहींत कवच उघडावे लागते. कार्बनवर झिजेची रेघ असेल तर तेथवर येताच, आणि नसेल तर मूळ लांबीचा तिसरा हिस्सा उरला की ते बदलावेत. दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा व एक जुना असा संसार फार दिवस चालत नाही. नवे कार्बन बसविल्यावर यंत्र भाराविना काही मिनिटे चालू ठेवले म्हणजे त्यांची टोके कम्युटेटरच्या गोलाईला जुळतात.

ठिणग्यांविषयी अनेकांना विनाकारण भीती वाटते, आणि काहींना वाटावी तेव्हा वाटत नाही. कार्बनच्या टोकाशी निळसर बारीक ठिणग्या दिसणे स्वाभाविक आहे. त्या मोठ्या व पिवळसर झाल्या तर कार्बन झिजले आहेत, खाचेत अडकले आहेत किंवा कम्युटेटर काळवंडला आहे. कम्युटेटर स्वच्छ करण्यास अगदी बारीक काचकागद वापरावा. एमरी कागद वापरू नये, कारण त्याचे कण तांब्याच्या पट्ट्यांमधील फटींत बसून वीज एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत नेऊ शकतात. फटींतील काजळी लाकडाच्या पातळ काडीने काढावी. परंतु कम्युटेटरच्या सबंध गोलाभोवती आगीचे कडे फिरताना दिसले व जळका वास आला, तर आर्मेचरच्या गुंडाळ्यांत दोष शिरला आहे. तेथे घरगुती उपाय संपतो. यंत्र ताबडतोब बंद करावे. आर्मेचर पुन्हा गुंडाळून मिळते. मात्र लहान सँडरच्या बाबतीत ती मजुरी, नवे कार्बन व नवी बेअरिंगे मिळून होणारा खर्च नव्या यंत्राच्या किमतीशी ताडून पाहावा.

आवाज हा बेअरिंगचा आरसा होय. प्लग काढून गादी हाताने सावकाश फिरवावी. चांगले बेअरिंग लोण्यासारखे फिरते. वाळू असल्यासारखी करकर बोटांना जाणवली, किंवा गादी दोन बाजूंना हलविल्यावर खळखळ लागली, तर ते बदलण्याजोगे झाले आहे. त्यावर तेल सोडण्याचा मोह आवरावा. ही बेअरिंगे बंद असतात, तेल आत पोहोचतच नाही. ते कम्युटेटरवर उडते व तेथे कार्बनची भुकटी धरून ठेवते. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो. उदाहरणार्थ, ६०८ ह्या क्रमांकाचे बेअरिंग जगात कोठेही घेतले तरी त्याचे आतील भोक ८, बाहेरील व्यास २२ व जाडी ७ मिलिमीटरच भरते. क्रमांकानंतरची अक्षरेही वाचावीत. ‘झेड झेड’ असेल तर दोन्ही बाजूंस पत्र्याची झाकणे असतात. ‘टू आर एस’ असेल तर रबराची. धुळीत राहणाऱ्या ह्या यंत्रास रबरी झाकणाचेच बेअरिंग घ्यावे. बसविताना दाब आतील कड्यावर द्यावा. बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली की नवे बेअरिंग बसण्यापूर्वीच बिघडते.

आता कामाच्या गुणाशी संबंध असलेले दोष. लाकडावर शेपटीच्या आकाराचे गोल ओरखडे उमटत असतील तर कागदावर एखादा जाड कण किंवा वॉर्निशचा गोळा अडकला आहे, अथवा ८० क्रमांकाच्या कागदावरून एकदम २२० वर उडी मारली गेली आहे. (क्रमांक जितका मोठा तितका कण बारीक.) ८०, १२०, १८० अशा पायऱ्यांनी जावे. गोल गादीचे यंत्र लाकडावरून उचलताच गादी भिंगरीसारखी फिरू लागत असेल, आणि पुन्हा टेकविताना लाकडावर खोल वर्तुळ पडत असेल, तर गादीच्या वरचे रबरी रोधकडे झिजले किंवा फाटले आहे. हे कडे गादीचा मोकळा वेग आवरते. त्याची किंमत अल्प व ते बदलणे सोपे असते. तोवर यंत्र लाकडावर टेकवून मगच सुरू करावे. चौकोनी गादीच्या यंत्रात कागद वारंवार फाटत असेल तर चिमट्यांची पकड सैल झालेली असते. कागद बसविण्यापूर्वी टेबलाच्या कडेवरून एकदा ओढून घेतला म्हणजे तो नरम होतो व गादीवर ताणून बसतो.

माणसाची काळजी

यंत्राचे बेअरिंग खाणारी धूळ माणसाच्या फुप्फुसांतही जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना मानवास निश्चित कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत केली. नाक व त्याभोवतालच्या पोकळ्यांचा कर्करोग वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्या सुतारकामगारांत अधिक आढळला होता. वर्षातून दोन-चार दिवस काम करणाऱ्या गृहस्थाला तेवढा धोका नाही, परंतु सागवानाच्या धुळीने अंगाला खाज सुटणे व दम्याच्या रोग्यास त्रास होणे ह्यासाठी एक दिवसही पुरतो. तोंडाला बांधलेला रुमाल दिलासा देतो, बारीक धूळ अडवीत नाही. एन ९५ दर्जाचा मुखवटा नाकाशी घट्ट बसवून वापरावा व काम अंगणात करावे.

त्याहून गंभीर गोष्ट जुन्या रंगाची. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम भारतात २०१६ साली करण्यात आला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. त्यापूर्वी रंगविलेल्या दारांवर, खिडक्यांवर व पाळण्यांवर शिसे असण्याची शक्यता गृहीत धरली पाहिजे. पिवळे, केशरी व लाल तैलरंग त्यांत अधिक संशयास्पद. असा रंग सँडरने कोरडा घासला की शिशाची अदृश्य भुकटी घरभर पसरते, जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीस शिशाने होणारे नुकसान भरून येत नाही. म्हणून जुन्या रंगावर सँडर लावूच नये. रंग काढणारे द्रव्य वापरावे, किंवा पाण्याचा कागद घेऊन ओल्याने व हाताने घासावे, लगदा कागदात गुंडाळून टाकावा व फरशी ओल्या फडक्याने पुसावी. त्या दिवशी मुले व गरोदर स्त्रिया दुसऱ्या घरी असलेली बरी.

विजेच्या बाबतीत यंत्रावरील खूण पाहावी. एका चौकोनात दुसरा लहान चौकोन अशी खूण असेल तर यंत्र दुहेरी विद्युतरोधनाचे आहे व त्याला तिसऱ्या पिनेची गरज नाही. अशा यंत्राचे कवच उघडल्यास आतील प्रत्येक प्लॅस्टिकचा तुकडा व नळी पूर्ववत् बसविली पाहिजे, कारण दुसरे संरक्षण तेच असते. जुन्या धातूच्या अंगाच्या सँडरला मात्र भूसंधानाची तिसरी पिन अत्यावश्यक. घराच्या फलकावर ३० मिलिअँपिअरला तुटणारे आरसीसीबी असेल तर फार चांगले. अशा हत्यारांच्या कामात त्याच्याइतका स्वस्त विमा नाही.

तेलाचा एक धोका पुष्कळांना ठाऊक नसतो. घासलेल्या लाकडाला जवसाचे तेल लावण्याची चाल आहे. त्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला, तर तेल हवेतील प्राणवायू शोषून तापते व चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. शेजारी सँडरच्या धुळीची पिशवी असेल तर आगीला इंधनही तयारच असते. चिंध्या पाण्यात बुडवून टाकाव्यात किंवा एकेक करून मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात. धूळपिशवी घरात भरलेली ठेवू नये.

पावसाळ्यातील साठवण

लाकडाची धूळ हवेतील ओलावा ओढून घेते. धुळीसह ठेवलेला सँडर म्हणूनच पावसाळ्यात आतून दमट राहतो, कम्युटेटर हिरवट पडतो आणि बेअरिंगच्या कडांना गंज चढतो. जूनच्या आरंभी यंत्र वर सांगितल्याप्रमाणे झाडून, धूळपिशवी उलटी करून झटकून, कोरड्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. कागद वेगळे, सपाट, वर एखादी फळी ठेवून दाबून ठेवावेत, नाहीतर ते पन्हाळीसारखे वळतात. गोल गादीवर चकती चिकटलेली राहू देऊ नये, आणि यंत्र गादीवर उभे न ठेवता आडवे ठेवावे. गादीचा फोम महिनोन् महिने दबला तर एका बाजूस बसतो. पाऊस ओसरल्यावर पेटीतून काढलेले यंत्र लगेच कामास लावू नये. एक-दोन दिवस कोरड्या उबदार खोलीत राहू द्यावे, गादी हाताने फिरवून पाहावी, मग भाराविना दोन मिनिटे चालवावे. पहिल्या क्षणी थोडी धूळ व किंचित ओझोनचा वास येतो, तो एका मिनिटात गेला पाहिजे.